पोकळ वासा

मराठीत 'पोकळ' हा शब्द काही चांगल्या अर्थानं वापरत नाहीत. पोकळ गप्पा, पोकळ डौल, पोकळ आश्वासनं, पोकळ बांबूचे फटके. बडा घर आणि पोकळ वासा. आणि तरी आमच्या घरात जे जे वाजायचं ते सगळं पोकळच होतं. आईची पेटी, मामाचा तबला, कोपऱ्यात खोळ घालून उभा असलेला तानपुरा. आत हवा नसती तर यातलं एकही वाद्य बोललं नसतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी बाजूला ठेवलेले पैसे मोडून मी एक जुनी पोकळ गिटार विकत घेतली, तेव्हा बायकोनं ती म्हण एकदाच ऐकवली आणि पावसाळ्यात गळणाऱ्या छताखाली बादली सरकवली. म्हणीचा इतका चपखल उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भरीव लाकडाची, शिंगं असलेली गिटार येते. तिच्याआधी पोकळ होती. व्हायोलिनसारखी कमानदार पाठ आणि पोट, पोटाला दोन बाजूंना इंग्रजी एफच्या आकाराच्या खाचा, आणि तारांखाली बसवलेलं पिकअप, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. गिब्सननं १९३६ मध्ये ईएस-१५० काढली. ईएस म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश. ती चार्ली क्रिश्चनच्या हातात आली आणि १९३९ पासून बेनी गुडमनच्या ताफ्यात गिटार प्रथमच सॅक्सोफोनच्या बरोबरीनं ऐकू येऊ लागली. क्रिश्चन १९४२ मध्ये गेला, जेमतेम पंचविशीत. पण या वाद्याची एक खोड होती. आवाज वाढवला की स्पीकरमधून आलेला नाद गिटारच्या पोटाला हलवतो, पोट तारांना हलवतं, तारा पुन्हा स्पीकरला, आणि हा फेरा फिरत राहून गिटार आपली आपण कोकलायला लागते. भरीव गिटार आली ती मुख्यतः या कोकलण्यावर उपाय म्हणून. तो उपाय चांगलाच लागू पडला, फक्त त्यात आवाजातली हवा गेली. पोकळ गिटारचा स्वर फार वेळ टिकत नाही. तो 'ठुब्' करून उमटतो, गोल होतो आणि विरतो, सतारीच्या उलट. मला तो विरणंच आवडतं.

जबलपूरच्या मराठी माणसाच्या हाती हे वेड कुठून आलं, हे विचारणं साहजिक आहे. आमचं इथलं असणंच थोडं आडवाटेचं. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख घेतला, १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी हिसकावला. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे कारकून, मास्तर, वकील अशी माणसं तिकडून इकडे येत राहिली. माझे आजोबा त्यातलेच. १९५६ मध्ये राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर पलीकडे गेलं आणि आम्ही अलीकडे राहिलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि दोन्हींच्या मध्ये आमची अशी एक बोली, की पुण्याचा पाहुणा आला की आधी हसतो आणि मग दुसऱ्या दिवशी स्वतःच 'हौ ना' म्हणायला लागतो.

दुसरी एक वस्तीही अशीच मधल्या जागेतली. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग १८७० मध्ये जबलपुरातच पुरा झाला. त्या रेल्वेबरोबर अँग्लो-इंडियन कुटुंबं आली. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन, शाळेतल्या मिस. माझ्या लहानपणी सिव्हिल लाइन्स आणि सदरमध्ये त्यांचे बंगले आणि बैठी घरं होती, नाताळच्या आठवड्यात व्हरांड्यांत कागदी तारे लागायचे. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या लाकडी जमिनीवर नाच व्हायचे. आम्ही मुलं कुंपणाबाहेर सायकलीला टेकून ऐकायचो. तिथं पहिल्यांदा तो गोल, बुटका आवाज कानावर पडला. कोण वाजवतो ते दिसत नसे, ड्रमच्या मागून नुसता तो ठेका यायचा, तालाचे चार-चार ठोके, त्यात सुरांचा गुच्छ.

स्वतः शिकलो ते कलकत्त्याच्या गिवसनवर. गिब्सन नव्हे, गिवसन. एका अक्षरानं जग बदलतं. दुकानदार विचारायचा, 'स्पॅनिश की हवाईयन?' कारण तेव्हा गिटारचे हे दोनच प्रकार लोकांना ठाऊक होते, आणि हवाईयनचा मान मोठा होता. ती मांडीवर आडवी ठेवून धातूच्या कांडीनं वाजवायची, त्यामुळे तिच्यात मींड निघते, आणि मींड निघाली की आपल्याकडे वाद्याला घरात जागा मिळते. ब्रिजभूषण काब्रांनी तर गिब्सनची सुपर ४००, म्हणजे अमेरिकन जाझवाल्यांची सगळ्यात दिमाखदार पोकळ गिटार, आडवी मांडीवर घेतली, तिच्या तारा उचलून घेतल्या आणि तिच्यावर राग वाजवले. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका आमच्याकडे होती. आवरणावर शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या शेजारी काब्रांचं नाव. वडील संतूर आणि बासरी ऐकायचे, मी मधली गिटार ऐकायचो.

तर अशी चाळीस वर्षं गेल्यावर एका ओळखीच्या पेटी दुरुस्त करणाऱ्यानं सांगितलं, की सिव्हिल लाइन्समध्ये एक म्हातारी बाई घर आवरते आहे, पर्थला मुलीकडे चालली आहे, आणि तिच्या नवऱ्याची जुनी गिटार पलंगाखाली पडून आहे.

नवरा गार्ड होता, इटारसीच्या बाजूला गाड्या न्यायचा. वारून बारा वर्षं झाली होती. आंटी ऐंशीच्या पुढच्या, ताठ, फुलाफुलांच्या फ्रॉकवर स्वेटर. भिंतींवर चौकोनी फिकट डाग होते, तसबिरी उतरवलेल्या. केक ठेवायच्या डब्यातून त्यांनी मला खोव्याची जलेबी दिली. केस उघडली तेव्हा आधी डांबरगोळ्यांचा वास आला आणि मग गिटार दिसली. हॉफ्नर प्रेसिडेंट. एका बाजूला कापलेला खांदा, कडांना पांढरी पट्टी, मध्ये तपकिरी आणि कडेला काळसर होत गेलेली झील.

हॉफ्नरची कथा मला तोंडपाठ होती. कार्ल हॉफ्नरनं १८८७ मध्ये शोनबाख या गावी कारखाना काढला. ते गाव तेव्हा बोहेमियात, आज चेक प्रजासत्ताकात, नाव लुबी. तिथले व्हायोलिन करणारे कारागीर जर्मन बोलणारे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना तिथून हाकललं गेलं आणि त्यांतले पुष्कळजण बव्हेरियात बूबेनरॉइट नावाच्या खेड्यात येऊन बसले. हॉफ्नरही तिथंच उभा राहिला. १९५० च्या दशकात अमेरिकन गिटारी इंग्लंडात सहजी मिळत नसत, तेव्हा लंडनच्या सेल्मर कंपनीनं हॉफ्नरच्या गिटारींना सिनेटर, प्रेसिडेंट, कमिटी अशी भारदस्त नावं देऊन विकल्या. पॉल मॅकार्टनीनं १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा बास याच घराण्यातला. आंटींच्या दिराला १९६४ साली कोणीतरी ही गिटार लंडनमध्ये विकली, आणि तो सुट्टीवर जबलपूरला आला तेव्हा भावासाठी घेऊन आला. निर्वासितांनी केलेली, परदेशी स्थायिक झालेल्यानं आणलेली, आणि आता पुन्हा सामान बांधणाऱ्या घरात.

जुनं वाद्य पाहताना प्रेम खिशात ठेवावं लागतं. मी दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा आणि मोबाइलची बॅटरी घेऊन गेलो होतो. आधी मान पाहिली, म्हणजे गिटारच्या डोक्याकडून डोळा लावून पडदे एका रेषेत आहेत का ते. जुन्या हॉफ्नरपैकी बऱ्याच गिटारींना मान सरळ करायचा आतला स्क्रू नसतो, त्यामुळे वाकली ती वाकली. हिची मान सरळ होती, पण धडाशी तिचा कोन थोडा बसला होता. घोडी सगळ्यात खाली आणूनही बाराव्या पडद्यावर तारा चार मिलिमीटर वर होत्या, दोनच्या आसपास हव्यात. मग बोटाच्या पेरानं सगळ्या पाठीवर टिचक्या मारल्या. दोन ठिकाणी आवाज फुटका आला, म्हणजे आतली पट्टी सुटलेली. जबलपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा आणि श्रावणात भिंतींना घाम. लाकूड आकसतं, फुगतं, सरस सुटतो. कडेच्या पांढऱ्या पट्टीचे खालच्या बाजूला तुकडे होऊन बिस्किटासारखा चुरा पडत होता, जुन्या प्लॅस्टिकचं हे म्हातारपण. मल्टिमीटर लावला. एका पिकअपनं काही हजार ओहम दाखवले, दुसऱ्यानं काहीच नाही. तार कुठंतरी तुटलेली.

एफच्या खाचांतून आत पाहू गेलो तर काही दिसेना. दोन्ही बाजूंना कापड कोंबलेलं. आंटी हसल्या. क्रोशाची सुई आणून त्यांनीच ते हळूहळू बाहेर ओढलं. विटलेलं हिरवं कापड, कडेला शिवण. गार्डच्या झेंडीचा तुकडा. 'शोर करती थी ना,' त्या म्हणाल्या. इन्स्टिट्यूटमध्ये गर्दी वाढली की आवाज वाढवावा लागे, आवाज वाढवला की गिटार कोकलायची, आणि नाचणारे थांबून बघायचे. तेव्हा त्यांनी निकामी झालेली झेंडी कापून भोकं बुजवली. गाडीला जा म्हणायला हिरवी दाखवतात, इथं तिनं आवाजाला थांबवलं होतं. जगभरच्या पोकळ गिटारवाल्यांनी याच दुखण्यासाठी मोजे, टॉवेल, फोम कोंबलेले आहेत. झेंडी कोणी कोंबल्याचं मी ऐकलेलं नव्हतं.

कापड निघाल्यावर आतलं लेबल दिसलं, आकडा वाचता आला. गिटार अस्सल होती.

'पच्चीस हज़ार,' आंटी म्हणाल्या. 'ठीक है ना?'

इथं मला जरा थांबून सांगितलं पाहिजे. चांगल्या स्थितीतल्या अशा गिटारला इंग्लंडात आपल्या रुपयांत लाखाच्या आसपास मिळतात. ही दुखणी धरूनही पाऊण लाख कुठं गेले नव्हते. जुन्या वस्तूंच्या धंद्यातला माझा एक मित्र म्हणतो, की विकणाऱ्यानं आकडा सांगितला की सौदा स्वच्छ, घेणाऱ्याची जाणकारी ही त्याची कमाई. त्यानं तीस वर्षं आरसे आणि घड्याळं पाहण्यात घातली, ती फुकट का वाटावीत? हा युक्तिवाद मला खोटा वाटत नाही. बाजार त्याच्यावरच चालतो. पण माझी जाणकारी तीस वर्षांची नव्हती, खिशातल्या फोनमधली होती. तो फोन त्यांच्याकडे नव्हता एवढाच फरक. आणि शिवाय त्यांनी नुसता आकडा सांगितला नव्हता, 'ठीक है ना' असं विचारलं होतं. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. 'हो' म्हटलं असतं तर पुढं जन्मभर त्या गिटारमधून तोच 'हो' ऐकू आला असता.

मी खरी किंमत सांगितली. आंटींचा चेहरा उतरला. 'तो तुम नहीं लोगे?'

त्यांना वाटलं मी अंग काढून घेतोय. पंचवीस हजारांत त्यांचा एक प्रश्न सुटत होता: घराची किल्ली द्यायच्या आधी ती केस कुठं जाणार. मी त्यांचा सुटलेला प्रश्न पुन्हा बांधून दिला होता. आता मुलीला फोन करावा लागणार, मुलगी चौकशी करणार. तसंच झालं. मुलीनं मुंबईच्या एका व्यापाऱ्याशी बोलणं केलं. त्यानं वीस फोटो मागवले, गिटार आधी पाठवा, पाहून भाव सांगतो म्हणाला. मी घरी आलो. रात्री जेवताना सगळं सांगितलं. बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, 'खरं सांगून आलात ना? मग आता त्या किमतीला घ्यायची तयारी ठेवा. नाहीतर त्या खरेपणाचा काय उपयोग?' तिला गिटारमध्ये काडीचा रस नाही. पण हिशेबात ती माझ्याहून पक्की. नुसतं खरं बोलून माघारी येणं हे स्वस्तातलं पुण्य झालं, असं तिचं म्हणणं. वॉटरप्रूफिंगचे पैसे तिनंच आठवण करून दिले, आणि ती म्हणही.

बारा दिवसांनी आंटींचा फोन आला. गाडीत मालाच्या डब्यात ती एकटी पाठवायची नाही, असं त्यांनी मुलीला सांगितलं होतं. गार्डच्या बायकोला मालाच्या डब्याची माहिती पुरेपूर. पंचाहत्तर हजार ठरले, पंचवीस-पंचवीसचे तीन हप्ते. पहिला मी त्याच संध्याकाळी नेऊन दिला. त्यांनी मला बसवून चहा दिला आणि पहिल्यांदा त्यांच्या लोकांबद्दल बोलल्या. बहिणी इंग्लंडात, भाऊ ऑस्ट्रेलियात, पुतणे कॅनडात. लोकसभेत आणि विधानसभांत अँग्लो-इंडियनांसाठी नेमणुकीच्या जागा असत, त्या २०२० मध्ये संपल्या. 'गिनने लायक नहीं रहे हम लोग,' असं त्या अगदी सहज, साखर ढवळत म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. मी काय बोलणार? आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत पूर्वी पंगती उठायच्या, आता एक पंगत होते आणि नातवंडं आरती रोमन अक्षरांतून वाचतात, एवढं सांगितलं. त्यांनी मान हलवली. दोघांनाही एकमेकांची गोष्ट अनोळखी वाटली नाही.

उठताना मी हिरव्या कापडाचे तुकडे केसमध्ये ठेवू लागलो. आंटींनी हात पुढे केला. 'ये मैं ले जाऊँगी।' त्यांनी ते धुऊन, इस्त्री करून ठेवले असावेत, कारण नंतर एकदा पर्थहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा मागं भिंतीवर काचेच्या चौकटीत दोन हिरव्या चिंध्या होत्या.

दुरुस्तीला तीन महिने गेले. पेटीवाल्यानं सुटलेल्या पट्ट्या एफच्या खाचेतून सरस सोडून बसवल्या. आत हात जात नाही, म्हणून त्यानं बांबूच्या खपच्या मापानं कापून आतून तिढा दिला आणि दोन दिवस तशाच ठेवल्या. नवा गोंद त्यानं वापरू दिला नाही. सरस गरम पाण्यानं सुटतो, उद्या कोणाला उघडायची झाली तर उघडता आली पाहिजे, हे त्याचं तत्त्व, आणि ते बूबेनरॉइटच्या कारागिरांचंही असणार. मान उतरवून पुन्हा बसवायला मात्र त्यानं साफ नकार दिला. 'भाईसाहब, इतना नहीं आता।' हे वाक्य ज्याला म्हणता येतं त्याच्याकडे वाद्य द्यावं. त्याऐवजी त्यानं शिसवी लाकडाची नवी, बुटकी घोडी केली. मूळची घोडी न तासता कागदात गुंडाळून केसमध्ये ठेवली. बाराव्या पडद्यावर तारा अडीच मिलिमीटरवर आल्या. तुटलेल्या पिकअपची तार वेढ्यांच्या अगदी बाहेरच्या टोकाला सुटली होती, ती एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं भिंग लावून डाखली आणि चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. असं काम हाताला आता येतच नाही, म्हणाला. कडेची पट्टी तशीच ठेवली आहे. चुरा पडतो, मी पुसतो.

पुढच्या गणपतीत मंडळात भावगीतांचा कार्यक्रम होता. पेटी, तबला, आणि या वेळी ही. आधी कुरकुर झाली. इलेक्ट्रिक म्हटल्यावर ज्येष्ठांना मांडवाबाहेरचे डीजे आठवले. मी आवाज तिनावर ठेवला, सपाट गुंडाळलेल्या तारा होत्या, त्यांची बोटाखाली किरकिर होत नाही. गाणाऱ्या बाईंच्या मागं फक्त सुरांचे गुच्छ धरले, ठोका उमटे आणि विरे, शब्दांना जागा राही. मध्यंतरात पेटी वाजवणारे काका चहाचा कप घेऊन जवळ आले, एफच्या खाचेत डोकावले आणि म्हणाले, 'आत काहीच नाही होय?'

'नाही काका. पोकळ आहे.'

'मग बरोबर,' ते म्हणाले, आणि पुढच्या गाण्याची पट्टी सांगून गेले.

खाचांत मी अजून काही कोंबलेलं नाही. आवाज चारावर नेला की ती कोकलते, म्हणून तिनावरच वाजवतो. तिसरा हप्ता मार्चमध्ये पोचला. गच्चीचं काम या वर्षी दिवाळीनंतर करायचं ठरलं आहे, मिस्त्री येऊन माप घेऊन गेला.